अंबूच्या हातातला जाळ

फार जुनी गोष्ट, बाळांनो. तुमच्या पणज्यांनीही ती म्हाताऱ्याकोताऱ्यांकडूनच ऐकली. नदीकाठच्या एका गावात सिदोजी नावाचा कारागीर राहायचा. उसाचा रस आटवून गूळ करायचा तर आधी मोठं चुलाण हवं, आणि सिदोजीसारखं चुलाण पंचक्रोशीत कुणी बांधत नसे. त्यात जाळ घालायचं काम त्याची बायको अंबू करी. संक्रांतीला राणीच्या ताटात पहिला गूळ यांच्याच गुऱ्हाळाचा पडे. या मानाचं दोघांना भारी कौतुक.

एका वर्षी सिदोजीच्या डोक्यात भरलं, की नेहमीपेक्षा निम्म्या चिपाडांच्या जाळावर गूळ करून दाखवायचा. त्याने चुलाणाचं तोंड अगदी लहान ठेवलं, धुराडं उंच नेलं. चुलाण इतकं देखणं झालं, की सारा गाव बघायला लोटला. चिपाडं खरंच निम्मी लागली. पण गूळ निघाला करपून काळाठिक्कर.

"तुझं लक्ष कुठं होतं?" सिदोजी म्हणाला.

"चुलाणातच होतं. पण एकदा पेटलं की ते माझं ऐकत नाही."

दुसरी काहील, म्हणजे रसाची दुसरी मोठी कढईही करपली. आता एकाच काहिलीपुरता ऊस उरला. पाटील बजावून गेले, "हीही गेली, तर मान पलीकडच्या गावाला." सिदोजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, काहिलीत नुसतं पाणी ओतते," अंबू म्हणाली. "ते मंद उकळत ठेवून दाखवा."

सिदोजी जाळाला बसला. वारा आला, जाळ भडकला. चिपाडं मागे ओढावीत तर चुलाणाच्या लहानशा तोंडातून हात जाईना. पाणी उतू गेलं, वर मिशाही होरपळल्या. अंबूने हसू दाबलं आणि ओला पदर त्याच्या गालाला लावला.

"इतकी वर्षं मी बांधलं आणि निस्तरायला तुला ठेवलं," तो ओशाळून म्हणाला. "आता तू सांग, मी विटा हलवतो."

मग चुलाण पाडून विटा मातीविनाच रचल्या. अंबू जाळ घाली, सिदोजी एखादी वीट सरकवी, पुन्हा पाणी उकळून बघत. तोंड रुंद झालं, धुराड्याला जाळ कमी-जास्त करायला सरकती फरशी आली. चिपाडं निम्म्यापेक्षा थोडी जास्त लागली, पण जाळ अंबूच्या मुठीत आला. तेव्हाच सिदोजीने माती लिंपली.

शेवटच्या काहिलीतून पिवळाधमक गूळ उतरला आणि राणीच्या ताटात पडला. त्यानंतर अंबूला जाळाला बसवल्याशिवाय सिदोजीने एकाही चुलाणाला माती लावली नाही.

तात्पर्य: जे चालवायचं आहे, ते चालवणाऱ्याला शेजारी बसवूनच बांधावं.