निवृत्तीचा गेम

बोरगव्हाण गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं रेड्यासारखा, मनानं गाईसारखा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तेवढं करायचा, सांगितलं तसंच करायचा. आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

या निवृत्तीला मोबाईलवरच्या गेमचं वेड लागलं. गेम असा, की खूप माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. तिथल्या रिकाम्या घरांमधून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करतात आणि मग एकमेकांना टिपत सुटतात. जी टोळी शेवटी उरते ती जिंकते. समोरची माणसं खरीखुरी असतात. कुणी नागपुरात बसलेलं असतं, कुणी नेपाळात, आणि त्यांच्याशी बोलताही येतं. निवृत्तीला याचंच मोठं कौतुक. "घरबसल्या केवढी ओळख होते माणसाची!" असं तो म्हणायचा.

पंचायतीचं वायफाय समोरच्या पारापर्यंत पोचायचं, म्हणून खेळ पारावर चालायचा. विमानातून उडी मारायची वेळ आली की निवृत्ती दोन्ही पाय वर घ्यायचा. बेटावर उतरला की हुश्श करून खाली सोडायचा. गेममधला माणूस हेल्मेट घालतो, म्हणून हासुद्धा मोटारसायकलचं हेल्मेट घालून बसायचा. मोटारसायकल त्याच्याकडे नव्हती. हेल्मेट मात्र त्यानं खास तालुक्याहून आणलं होतं.

टोळी तिघांची होती. कॅप्टन सादिक, त्याचं पंक्चरचं दुकान. दुसरा पोपट, डेअरीवर दूध मोजायचा. गावात तिसरा कुणी मिळेना, म्हणून त्यांनी निवृत्तीला घेतलं. त्याला घेतल्याचा पश्चात्ताप त्यांना पहिल्याच दुपारी झाला.

त्या दुपारी निवृत्ती बेटावरच्या एका घरात शिरला, तर समोरून बंदूक घेतलेला माणूस आला.

"राम राम पाव्हणं!" निवृत्ती म्हणाला. "कुठलं म्हणायचं?"

पाहुण्यानं त्याला जागच्या जागी आडवा केला.

सादिकनं कपाळावर हात मारला. "अरे, राम राम काय घालतोस? अनोळखी माणूस येताना दिसला की आधी आडोसा धर. मग ओरडून आम्हाला सांग. कुठून आले, किती आले, कुणाच्या हातात काय आहे."

"हात्तिच्या, एवढंच ना? आता नाही विसरणार," निवृत्ती म्हणाला.

आणि तो विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीला बघायला मुलीकडची माणसं यायची होती. अन्सूबाई, म्हणजे निवृत्तीची आई, पहाटेपासून पोहे निवडत होती. अंगण सारवलं होतं. निवृत्तीला नवा सदरा घालून ओट्यावर बसवलं होतं. एवढ्यात फाटक वाजलं आणि अनोळखी माणसं आत आली.

निवृत्तीनं ओट्यावरून उडी टाकली आणि गोठ्यातल्या म्हशीमागं दडी मारली.

"उगवतीकडून चार जण!" तो ओरडला. "दोन बाप्ये, दोन बाया! जाड्या बाईच्या हातात पिशवी! टकल्याच्या हातात काठी! सावध!"

म्हैस आधीच बुजरी. कानाशी एवढा आवाज झाल्यावर तिनं दावं तोडलं आणि पाहुण्यांच्या मधोमध घुसली. पिशवीतली केळी अंगणभर झाली. जाड्या बाई तुळशीवृंदावनावर चढल्या. टकले पाहुणे फाटकापर्यंत पळाले आणि मग मागं वळून न बघता तसेच घरापर्यंत पळाले.

अन्सूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरं माझ्या राजा, घरी कुणी आलं की लपायचं असतं का? पुढं व्हावं. या, बसा म्हणावं. घरात जे जे असेल ते पुढ्यात ठेवावं. मागतील ते द्यावं. हातचं राखू नये."

"हात्तिच्या, एवढंच ना? आता नाही विसरणार."

आणि तो विसरला नाही.

त्या दुपारी टोळीनं बेटावर एक दुमजली घर धरलं होतं. सादिक आणि पोपट माडीवर दबा धरून होते. निवृत्ती खाली दारात. दार ढकलून एक शत्रू आत आला.

"या, या! बसा!" निवृत्ती म्हणाला. त्यानं आपली बंदूक खाली ठेवली. मग गोळ्या ठेवल्या. मग मलमपट्टी. मग चिलखत काढून ठेवलं.

शत्रू बिचारा गोंधळला. "भाऊ, खरंच घेऊ?"

"घ्या हो, लाजू नका. आपलंच घर समजा."

"आणखी काही आहे का?"

"आमची दोन माणसं माडीवर आहेत. हाक मारू?"

निवृत्तीनं हाक मारली. शत्रूनं निवृत्तीच्याच बंदुकीनं तिघांना संपवलं आणि जाताना "थँक्यू" म्हणाला.

"किती सभ्य होता," निवृत्ती म्हणाला.

पोपट पारावरून उठून शेजारच्या लिंबाच्या झाडाला डोकं टेकून उभा राहिला. सादिक दात आवळून बोलला, "निवृत्ती, ऐक. द्यायचं काही नसतं. उचलायचं असतं! कुणाच्याही घरात शिरलास की दिसेल ते उचल. आणि माणूस मेलेला असला तर त्याचं काहीच मागं ठेवायचं नाही. टोपी, चिलखत, सगळं काढ आणि अंगावर चढव."

"हात्तिच्या, एवढंच ना? आता नाही विसरणार."

दोनच दिवसांत गल्लीतले दाजीबा वारले. चांगले पिकल्या वयाचे होते, नातवंडं-पतवंडं बघून गेले. अन्सूबाई म्हणाली, "निवृत्ती, तू हो पुढं. मी आलेच."

निवृत्ती गेला. माजघरात दाजीबांना खाली ठेवलं होतं. बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. निवृत्तीनं खुंटीवरचा दाजीबांचा फेटा काढून डोक्यावर ठेवला. चष्मा नाकावर चढवला. कोट घातला. कोनाड्यातली पानसुपारीची चंची खिशात टाकली. दाराशी दाजीबांच्या करकरणाऱ्या वहाणा होत्या, त्या पायात सरकवल्या. काठी उचलली. चष्म्यातून धड दिसेना, म्हणून काठी टेकत टेकत, वहाणा करकरवत तो अंगणात आला.

अंगणात चौघे जण तिरडी बांधत होते. वहाणांची करकर ऐकून त्यांनी वर बघितलं.

"दाजीबा उठले!" एकानं बोंब ठोकली. चौघे चार दिशांना पळाले. शेजारचा वाणी दुकानाची फळी न लावताच पळाला. दाजीबांची बायको तेवढी धीराची. ती दारात आली आणि म्हणाली, "उठलाच आहात, तर आधी सांगा, कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय?"

घोटाळा उघडा पडल्यावर लोकांनी निवृत्तीला घरापर्यंत पिटाळत आणलं. अन्सूबाईनं सगळं ऐकलं आणि जमिनीवर बसकण मारली.

"अरं, कुणी जायला लागलं की कशाला हात लावू नये. जवळ बसावं. मान खाली घालावी. तोंडातून चकार शब्द काढू नये. शेवटी पाया पडावं आणि चार चांगले शब्द बोलावेत."

"हात्तिच्या, एवढंच ना? आता नाही विसरणार."

पुढच्या खेळात पोपटला गोळी लागली. या गेमात गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यांवर रांगत राहतो, आणि सोबत्यानं वेळेत धरून उठवलं तर वाचतो.

"निव्या! उठव मला! जायला लागलोय मी!" पोपट ओरडला.

निवृत्ती पळत त्याच्याजवळ गेला. खाली बसला. मान खाली घातली.

"अरे, उठव की!"

निवृत्ती गप्प.

पारावर पोपट त्याच्या शेजारीच बसला होता. त्यानं निवृत्तीला कोपर मारलं, दंडाला चिमटा काढला, हेल्मेटवर टकटक केलं. निवृत्तीनं चकार शब्द काढला नाही. गेममधला पोपट रांगता रांगताच गेला. मग निवृत्ती वाकून पारावरच्या पोपटच्या पाया पडला आणि म्हणाला, "फार चांगला माणूस होता. दुधाचं माप कधी मारलं नाही."

सादिकचा आवाज बसला होता. तरी तो ओरडला. "पडलेला माणूस दिसला की हातातलं टाकून पळत सुटायचं! त्याला धरायचं आणि उभा करायचा! कोण काय ओरडतंय तिकडं बघायचं नाही! माणूस उभा राहिला पाहिजे म्हणजे पाहिजे!"

"हात्तिच्या, एवढंच ना? आता नाही विसरणार."

मग गावची यात्रा आली. यात्रेत कुस्त्यांचं मैदान. शेवटची मोठी कुस्ती बोरगव्हाणच्या हणमंताची आणि पिंपळखुंट्याच्या शिवाची. चांदीची गदा लावली होती, आणि ती दरवर्षी पिंपळखुंट्यालाच जायची. यंदा मात्र हणमंत भारी पडला. त्यानं शिवाला खाली घेतला. शिवाचा एक खांदा मातीला लागला. दुसरा लागायला आला. सगळं बोरगव्हाण उभं राहून ओरडत होतं.

निवृत्तीला तेवढ्यात शिवा दिसला. पडलेला.

त्यानं हातातली भेळ टाकली आणि पळत सुटला. लोक ओरडत होते, "अरे धरा त्याला!" त्यानं तिकडं बघितलं नाही. हौद्यात उडी टाकून त्यानं हणमंताला बाजूला सारलं, शिवाच्या काखेत हात घातले, त्याला उचलून उभा केला आणि पाठीवरची माती झटकली.

"आता बरं वाटतंय का?" त्यानं विचारलं.

हणमंत तोंड उघडं टाकून निवृत्तीकडं बघत राहिला. शिवानं ती संधी साधली, हणमंताचा पाय ओढला आणि त्याला अस्मान दाखवलं. बोरगव्हाणवाल्यांनी गिल्ला केला. पंच म्हणाले, "मधे पडला तो माणूस तुमच्याच गावचा. आम्ही काय करणार?"

गदा पुन्हा पिंपळखुंट्याला गेली. बोरगव्हाणनं निवृत्तीला तोंड दाखवणं मुश्कील केलं. पण शिवा पैलवान आपल्या घरी गेला आणि बापाला म्हणाला, "गदेसाठी गाव वेडं झालं होतं, आणि त्या माणसानं शत्रूला हात दिला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी बघितला नाही. आपली रेणुका त्याच घरात द्यायची."

रेणुका शिवाची धाकटी बहीण. तीही निवृत्तीला बघून गेली. अंगणात तो हेल्मेट घालून म्हशीला वैरण घालत होता. तिनं ओढणी तोंडात कोंबून हसू दाबलं आणि हो म्हणाली. आठवड्याभरात लग्न ठरलं. अन्सूबाईचा आनंद गगनात मावेना. तरी तिनं लेकाला जवळ बसवून बजावलं, "दोघं झुंजत असली की मधे पडू नको. लांबून बघावं. टाळ्या वाजवाव्यात."

लग्नाच्या आदल्या दिवशी निवृत्ती हळदीच्या अंगानं पारावर आला. बेटावर सादिकची आणि एका शत्रूची समोरासमोर गाठ पडली. "निव्या, मार त्याला!" सादिक ओरडला. निवृत्तीनं टेकडीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. सादिक पडला, पोपट पडला, आणि टाळ्या वाजवता वाजवता निवृत्तीही पडला.

सादिकनं आता हात जोडले. "बाबा रे, तू लढू नको. टाळ्याही वाजवू नको. तू फक्त लप. बाहेर धडामधूम होईल, तू लप. शत्रू गोड बोलून बाहेर बोलावतील, नावानं हाका मारतील, ओळख सांगतील. यायचं नाही! समोरचा एक जरी माणूस शिल्लक असेल तोवर यायचं नाही. सगळे संपले आणि तू एकटा उरलास, की तू जिंकलास."

"हात्तिच्या, एवढंच ना?" निवृत्ती म्हणाला. "आता नाही विसरणार."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पिंपळखुंट्याला पोचलं. मांडवाच्या दारात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घोड्यावरून उतरला. अन्सूबाईनं बोटं मोडून दृष्ट काढली. आणि शिवा पैलवानानं हौसेनं फटाक्यांची लांबलचक माळ पेटवली.

धडाम! धूम! तडतड तडतड!

धूर विरला तेव्हा घोडा होता. नवरदेव नव्हता.

आधी सगळे हसले. मग शोधायला लागले. भटजी अंतरपाट धरून उभे, त्यांचे हात भरून आले. रेणुका हार घेऊन उभी.

निवृत्ती मांडवामागं आचाऱ्याच्या रिकाम्या पातेल्यात बसला होता. ते पातेलं एवढं मोठं, की आख्ख्या गावाचा भात त्यात शिजावा. वरून झाकण ओढून घेतलं होतं.

"निवृत्ती, बाळा, कुठं आहेस? ये रं, तुला पेढा देते!" अन्सूबाई हाका मारत गेली.

"गोड बोलतायत," निवृत्ती मनात म्हणाला. "सादिक म्हणाला तस्संच."

"निवृत्ती! अरे मी सादिक! बाहेर ये!"

"ओळखही सांगतायत," निवृत्ती म्हणाला आणि आणखी अंग चोरून बसला.

मुहूर्त टळला. नवरदेव ओढ्याकडं पळाला असं कुणीतरी म्हणालं. अन्सूबाई, सादिक, पोपट आणि सगळं बोरगव्हाण ओढ्याकडं धावलं. शिवा काठी घेऊन स्टँडकडं गेला. भटजी दुसऱ्या लग्नाला गेले. पिंपळखुंट्याचे पाहुणे जेवून आपापल्या घरी गेले. बँडवाले गेले. घोडासुद्धा गेला.

मांडव रिकामा झाला. रेणुका तेवढी जागची हलली नाही. एवढ्या लोकांना घाबरून तो कुठंतरी जवळच लपला असणार, असं तिचं मन तिला सांगत होतं. तिनं इकडं तिकडं फिरून बघितलं. आणि मांडवामागं पातेल्याच्या झाकणाखालून मोत्यांची मुंडावळी लोंबताना तिला दिसली.

तिला हसू आवरेना. हार हातात घेऊन ती पातेल्याजवळ गेली आणि तिनं झाकणावर हळूच टकटक केलं.

"अहो," ती म्हणाली.

झाकण बोटभर वर झालं. दोन डोळे दिसले.

"सगळे गेले का?" आतून आवाज आला.

"गेले."

"सगळे? नक्की?"

"अगदी सगळे," रेणुका लाजून म्हणाली. "आता इथं मी एकटीच उरलेय."

निवृत्तीचा चेहरा आनंदानं फुलला. "म्हणजे फक्त एक शिल्लक!" तो म्हणाला, आणि त्यानं झाकण घट्ट लावून घेतलं.