ठमीचा पेढा आणि चकाचक गाडी

एक मुंगी होती. ठमी तिचं नाव.
केवढी होती? एवढीशी. तिळाशेजारी उभी राहिली, तर तीळ मोठा दिसायचा.

ठमीच्या भावाला बाळ झालं. मग ठमी कोण झाली? आत्या!
आज बाळाचं बारसं. आत्याला दोन कामं. एक, पेढा आणायचा. दोन, बाळाच्या कानात नाव सांगायचं.

नाव ठमीने ठरवलं होतं. फार म्हणजे फारच छान नाव. कुण्णाला सांगितलं नव्हतं.
आणि पेढा? पेढापण मिळाला!

रस्त्याच्या कडेला पोपटशेठचं दुकान होतं. तिथे जुन्या गाड्या मिळायच्या. शेजारीच वॉशिंग सेंटर. मळकी गाडी आत जायची. फुस्स फुस्स! खसाखसा! चकाचक होऊन बाहेर यायची.
सकाळी कुणीतरी एक गाडी घेतली. फटाक! नारळ फुटला. सगळ्यांना पेढे वाटले. पेढ्याचा एक कण खाली पडला.
ठमीने तो डोक्यावर घेतला. निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत एक लाल गाडी होती. दार उघडं. आत मऊमऊ सीट.
ठमी म्हणाली, "जरा टेकते. एकच मिनिट."
ठमी टेकली. पेढा घरंगळला. गेला सीटच्या फटीत.
टुबुक!

"सीटबाई, सीटबाई, माझा पेढा दे!"
सीट म्हणाली, "नाही देत. फटीत पडलं ते माझं."
"पण आज बारसं आहे!"
"असू दे. मला कुठे बोलावलंय?"

ठमीला आला राग. ती उतरली खाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोपऱ्यात व्हॅक्यूम होता. लांब सोंड. गोल पोट. गाडीतला कचरा ओढायचा, घूंऽऽऽ!
आत्ता मात्र झोपला होता.

"व्हॅक्यूमदादा, व्हॅक्यूमदादा, सीटला ओढ!
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

व्हॅक्यूमने एक डोळा उघडला.
"मी नाही जा! सीटने माझं काय घोडं मारलंय?"

ठमीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. घोडं कुठेच नव्हतं.
ती निघाली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणात पाइप होता. पिवळा. लांबच लांब. वेटोळं करून ऊन खात पडला होता.

"पाइपराव, पाइपराव, व्हॅक्यूमला भिजव!
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

पाइप म्हणाला, "फुस्स! मी नाही जा! व्हॅक्यूमने माझं काय घोडं मारलंय?"

ठमीने पाइपाखाली वाकून पाहिलं. तिथेही घोडं नव्हतं.
ती निघाली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पुढे यासीनमामा होते. मामा गाड्या धुवायचे. आधी पाणी. मग फेस. मग फडकं. मग मेण. मग दुसरं फडकं. मग पहिल्या फडक्यावर तिसरं फडकं. मामांनी लाल गाडी इतकी घासली होती, इतकी घासली होती, की तिच्या दारात बघून ते मिशी विंचरत होते.

"यासीनमामा, यासीनमामा, पाइपला गाठ मारा!
पाइप व्हॅक्यूमला भिजवीना,
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

मामा म्हणाले, "मी नाही जा! पाइपने माझं काय घोडं मारलंय? बाजूला हो बेटा, गाडीवर पाय उमटतील."
ठमी म्हणाली, "माझे पाय दिसत नाहीत."
मामा म्हणाले, "मला दिसतात."
आणि त्यांनी ठमीचे सहाच्या सहा पाय फडक्याने पुसून दिले.

ठमी निघाली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तीपण चकाचक.

सावलीत पोपटशेठ बसले होते. खुर्ची छोटी. शेठ मोठे. हातात चहा. सूऽऽर्रर्र!

"पोपटशेठ, पोपटशेठ, मामाला ओरडा!
मामा पाइपला गाठ मारीना,
पाइप व्हॅक्यूमला भिजवीना,
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

शेठ म्हणाले, "मी नाही जा! मामाने माझं काय घोडं मारलंय? गाडी बघ कशी केलीय! लोणी आहे, लोणी!"

"लोणी खायला असतं," मागून आवाज आला. "मला जायला गाडी हवीय."

ती होती हौसाआत्या. तिला गाडी घ्यायची होती. जुनी चालेल. लाल चालेल. पण स्वस्त पाहिजे.

"शेठ, कमी करा की."
"आत्या, एक डाग दाखवा, कमी करतो."

आत्याने टायरला लाथ मारली. धप्प! टायर गप्प.
दार आपटलं. धाड! दार मस्त.
गाडीखाली वाकून बघितलं. डिकीत डोकं घालून बघितलं. बॉनेटवरून बोट फिरवलं. बोटच स्वच्छ झालं.

डाग नाही. ओरखडा नाही. पोचा नाही.
शेठ हसले. सूऽऽर्रर्र!
आत्या बसली पायरीवर. गालावर हात ठेवून.

ठमी तिच्या चपलेवर चढली.

"हौसाआत्या, हौसाआत्या, शेठशी भांडा!
शेठ मामाला ओरडेना,
मामा पाइपला गाठ मारीना,
पाइप व्हॅक्यूमला भिजवीना,
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

आता आत्या काय म्हणाली असेल? घोडं?
नाही!

आत्या म्हणाली, "अगं बाई, भांडायलाच तर आलेय मी! पदर खोचून आलेय! पण भांडू कशावरून? गाडीला एक डाग नाही. तू एक डाग आण. मग बघ माझं भांडण."
"केवढा डाग?"
"केवढाही."

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डाग कुठे मिळेल?
गाडीजवळ होता विजेचा खांब. खांबावर होती तार. तारेवर होता कावळा.
कावळा या पायावरून त्या पायावर होत होता. त्या पायावरून या पायावर होत होता.
ठमी खांबावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. बापरे, केवढा खांब!

"कावळेदादा, कावळेदादा, गाडीवर डाग पाड!
आत्या शेठशी भांडेना,
शेठ मामाला ओरडेना,
मामा पाइपला गाठ मारीना,
पाइप व्हॅक्यूमला भिजवीना,
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!"

कावळ्याने मान वाकडी केली.
"डाग? पांढरा चालेल?"
"चालेल."
"थोडा ओला?"
"चालेल."
"नक्की ना? मागून कुणी ओरडायचं नाही हं."
"नाही ओरडणार."
"मग हो बाजूला," कावळा म्हणाला. "मला कधीची आलीय. खाली एवढी स्वच्छ गाडी. मला लाज वाटत होती."

आणि कावळ्याने...
पच्च!
लाल गाडीवर. बॉनेटवर. बरोब्बर मधोमध. शी!


शेठचा चहा थांबला. सूऽऽ...

आत्या उठली. पदर पुन्हा खोचला. खूप खूप आनंद झाला तिला.
"शेठ! हे काय?"
"शी आहे, आत्या."
"ते मलापण कळतं. डाग म्हणजे डाग! करा कमी!"
"अहो पुसलं की जाईल!"
"तुम्ही म्हणालात, डाग दाखवा! मी दाखवला! करा कमी!"

आत्या शेठशी भांडली. कचाकचा, कचाकचा!

शेठ मामाला ओरडले, "यासीन! गाडी धुतलीस का भिजत घातलीस?"

मामा चिडले. म्हणाले, "गाडी पुन्हा धुवायची? पाइप कुठाय? हा बघा, ऊन खातोय! थांब, तुला गाठच मारतो!"

पाइप घाबरला. "नको नको! गाठ नको! मी व्हॅक्यूमला भिजवतो!"

व्हॅक्यूम दचकून उठला. "नको नको! पाणी नको! मला सर्दी होते! मी सीटला ओढतो!"

घूंऽऽऽऽऽ!

सीट ओरडली, "नको नको! गुदगुल्या होतात! ही ही ही! देते, देते, देते!"

आणि सीटने दिलं.
एक कंगवा. टुक!
एक गोटी. टुक!
एक मोजा. तो मामांचा होता. मामा म्हणाले, "अरे वा!"
अर्धं बिस्कीट. टुक! उरलेलं अर्धं सीटने खाल्लं होतं.
आणि सगळ्यात शेवटी...
पेढा!
टुबुक!

ठमी खांबावरून कधीच उतरली होती. तिने पेढा घट्ट धरला. सहाच्या सहा पायांनी. मग तिला चालता येईना. मग चार पाय सोडले.

इकडे भांडण संपलं. शेठ दमले. "घ्या आत्या, घ्या. तुम्ही म्हणाल ते."
गाडी स्वस्त झाली. आत्याची झाली!

मामा फडकं घेऊन धावले.
"पुसू नका!" आत्या ओरडली. "ती शी माझी आहे!"
"आत्या, शी आहे ती."
"हिच्यामुळे गाडी मिळाली मला. राहू दे."
आत्याने गाडीला हार घातला. शीला नाही घातला. शीला नुसतं थँक्यू म्हणाली.
मग नारळ फुटला. फटाक! सगळ्यांना पेढे. कावळ्याला दोन.

"चल गं," आत्या ठमीला म्हणाली. "तुला घरी सोडते. कुठे राहतेस?"
"त्या नळामागे."
नळ तिथेच होता. गाडीच्या चाकाला लागून.
तरी आत्याने गाडी सुरू केली. गावभर फिरवली. पँऽऽ पँऽऽ! आणि परत तिथेच आणून थांबवली.
"बस की जरा," सीट म्हणाली. "मऊ आहे मी."
"नको," ठमी म्हणाली. "मी उभी बरी."

घरी सगळ्या मुंग्या वाट बघत होत्या. बाळ पाळण्यात. पाळणा म्हणजे शेंगदाण्याचं टरफल.
बारशाला एक घोडापण आला होता. त्याला कुणीच मारलं नव्हतं. पेढ्याचा वास आला म्हणून आला होता.

"आली, आली! आत्या आली!"
"पेढा आणला?"
"आणला!"
"मग सांग नाव!"

ठमी पाळण्याजवळ गेली. बाळाच्या कानाशी वाकली. आणि...
नाव आठवेना!
फार म्हणजे फारच छान नाव होतं. गेलं! दिवसभर बोलून बोलून तोंडात दुसरंच बसलं होतं.
सगळे थांबले. घोडापण थांबला. बाळ टकामका बघत होतं.
काहीतरी सांगायलाच हवं होतं. मग ठमीने जे तोंडात आलं ते सांगितलं. सगळंच्या सगळं.

"कुर्रर्रर्र!" सगळ्या मुंग्या ओरडल्या. धपाधप धपाधप! ठमीच्या पाठीत धपाटे.
एकदा कानात सांगितलं की सांगितलं. तेच नाव!

बाळाने पेढा चाटला. बाळ हसलं. बाळाला नाव आवडलं.

आता बाळ मोठं झालंय. तिळाएवढं. दिवसभर बाहेर खेळतं. जेवायची वेळ झाली की त्याची आई दारात येते. मोठ्ठा श्वास घेते. आणि हाक मारते,

"अरे ए,
आत्या शेठशी भांडेना,
शेठ मामाला ओरडेना,
मामा पाइपला गाठ मारीना,
पाइप व्हॅक्यूमला भिजवीना,
व्हॅक्यूम सीटला ओढीना,
सीट माझा पेढा देईना,
पेढ्यावाचून बारसं होईना!
जेवायला ये!"

तोपर्यंत बाळ येऊन, हात धुऊन, जेवून, झोपलेलंसुद्धा असतं.

आता तुम्हीपण झोपा.