झिऱ्याचा तळ

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांनाही अजून कुणी नावं दिली नव्हती.

एका डोंगराच्या पायथ्याशी बारा घरांचं गाव होतं. गावाची नदी चार महिने वाहायची आणि मग वाळूखाली जाऊन झोपायची. उरलेले आठ महिने गाव एका झिऱ्यावर जगायचं. झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्याच्या तळाशी एका घागरीपुरतं पाणी साठे. ते करवंटीनं भरून घ्यायचं आणि खड्डा पुन्हा भरेपर्यंत शेजारी बसून राहायचं.

बसून काय करायचं? तर प्रार्थना. ही माणसं प्रभू येशूला मानणारी होती. काठावर त्यांनी लाकडाचा एक क्रूस उभा केला होता. त्याच्याकडे तोंड करून बायका म्हणायच्या, "आकाशातल्या बापा, आजचं आज दे. उद्याचं उद्या मागू." मग घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, शेजाऱ्यांचं घ्यायचं, आजाऱ्यांचं घ्यायचं. अशी प्रार्थना तीनदा झाली की झिरा भरलेला असे.

झिऱ्याची राखण एक म्हातारी करायची. तिला सगळे मावशी म्हणत. प्रत्येक घराला सकाळी एक घागर, संध्याकाळी एक घागर, एवढाच तिचा नियम.

त्या गावात एक तरुण आई होती. तिची पहिली मुलगी एका उन्हाळ्यात तापानं गेली होती. आता दुसरी तीन वर्षांची होती. मुलगी खोकली की आई घाबरायची, आणि मुलगी शांत झोपली की त्याहून जास्त घाबरायची. उठून नाकापुढे बोट धरून बघायची. (हसू नका. काही जणी अजूनही बघतात.)

त्या वर्षी पाऊस आला तसा गेला. चैत्र सरता सरता पुरुष गुरं घेऊन खालच्या मुलखात गेले. गावात बायका, मुलं आणि मावशी उरली.

एका सकाळी झिरा भरायला चार प्रार्थना लागल्या. ते फक्त या आईच्या लक्षात आलं. आठवड्यानं पाच लागल्या. मग सहा. ओठांवर नावं होती, पण डोळे खड्ड्यात होते आणि बोटं पदराआड मोजत होती.

मावशीनं विचारलं, "पोरी, प्रार्थना म्हणतेस की मोजतेस?"

"मोजते, मावशी. आज सात झाल्या."

"उशीर होतोय. पण भरतोय ना?"

"आज भरतोय. उद्याचं काय?"

"उद्याचं उद्या मागायचं, असं तूच तर सात वेळा म्हणालीस."

बाकीच्या बायका हसल्या. आई हसली नाही. "मावशी, आणखी खोल खणलं तर?"

"खाली काळी चिकणमाती आहे. तिला हात लावायचा नाही. माझ्या सासूनं सांगितलं होतं."

"का लावायचा नाही?"

"ते मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही आणि तरी ऐकता?"

"ठाऊक नाही म्हणूनच ऐकते," मावशी म्हणाली. "ठाऊक असतं तर माझंच डोकं चालवलं नसतं का?"

आईला हे उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव दाराआड पडलेलं असताना, ती कुदळ घेऊन नदीत उतरली. वाळू उपसली. काळी चिकणमाती लागली. तिनं क्षणभर क्रूसाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाठ केली आणि घाव घातला.

पाणी आलं! अर्धी प्रार्थना होते न होते तोच घागर भरली. पुन्हा भरली. ती एकटीच हसत होती. चार घागरींनी तिनं घरचा रांजण काठोकाठ भरला. पाचव्या वेळी ती आली तेव्हा झिऱ्यातलं पाणी गोल फिरत होतं. 'गुळुक' असा आवाज झाला, आणि खड्डा कोरडा पडला.

चिकणमातीखाली पाणी नव्हतंच. खाली नुसती भेगाळलेली जमीन होती. इतकी वर्षं त्या काळ्या मातीनं तळहातावर धरावं तसं पाणी धरून ठेवलं होतं. आईनं त्या तळहाताला भोक पाडलं होतं. वरून वाळूतलं सगळं साठलेलं पाणी एकदम धावून आलं आणि त्यातूनच निघून गेलं.

संध्याकाळी बायका घागरी घेऊन आल्या. कुणी रडू लागली, कुणी देवाला बोल लावला. मावशीनं या आईची नखं पाहिली. नखांत काळी माती होती.

तेवढ्यात छोट्या मुलीनं रडणाऱ्या बाईचा हात धरला. "रडू नको. आमच्याकडे खूप पाणी आहे. चल."

सगळ्या आईकडे वळल्या.

"मी केलं," आई म्हणाली. "मला वाटलं, हिच्यासाठी..."

"आमची पोरं काय मातीची आहेत का?" एक जण ओरडली. "आता मोज! मोज किती प्रार्थना लागतात ते!"

मोठी नदी दोन दिवसांच्या वाटेवर होती. पहाटे निघायचं ठरलं. रांजणातलं पाणी मावशीनं स्वतः वाटलं. माणशी चार करवंट्या. आईलाही तेवढंच, मुलीलाही तेवढंच.

मावशीला चालवणार नव्हतं. दोघीजणी म्हणाल्या, झोळीत घालून नेऊ. ती म्हणाली, "मला उचलून चालाल तर दुप्पट तहान लागेल, आणि पाणी आहे तेवढंच. जा. पोहोचलात की कुणीतरी घागर घेऊन परत या."

निघताना मावशीनं आपल्या वाट्याच्या तीन करवंट्या मुलीच्या पाणी न्यायच्या वाळक्या भोपळ्यात ओतल्या.

"मावशी, नको हो. मला तर तोंड दाखवायलाही..."

"तुला कुठं देतेय? तिला देतेय. मला आजची एक पुरे."

तिसऱ्या दिवशी सगळ्या नदीला पोहोचल्या. सगळी मुलं जिवंत होती. या आईची मुलगीही. जिनं 'मोज' म्हटलं होतं, तिच्याच मांडीवर आईनं मुलीला ठेवलं. त्या बाईनं मुलीला जवळ घेतलं आणि मान फिरवली. आईनं घागर भरली आणि आल्या वाटेनं एकटी परत निघाली.

वाटेत ती प्रार्थना करत होती. एकच नाव होतं. किती वेळा घेतलं, तिला सांगता आलं नसतं.

मावशी झिऱ्याच्या काठाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. आईनं नाकापुढे बोट धरलं. मग घागर खाली ठेवली.

शेजारी करवंटी पडली होती. तिच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून चिकटली होती. मावशीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तीच माती होती. आईनं झिऱ्यात वाकून पाहिलं. तळाचं भोक बुजलेलं होतं. मळलेल्या चिकणमातीवर म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटले होते. आणि त्या ठशांमध्ये, एका ओंजळीइतकं, पाणी साठलं होतं.

कोरडी माती मळायला पाणी लागतं. मावशीकडे एकच करवंटी होती.

आईनं तिला क्रूसापाशी पुरलं. पावसानंतर गाव परतलं. झिरा पूर्वीसारखा कधीच भरला नाही, पण आटलाही नाही. बायकांनी आईला झिऱ्यावर येऊ दिलं, बोलायला मात्र पुष्कळ दिवस लागले. पुढं राखण तिच्याकडेच आली. कुदळ तिनं घरात ठेवली नाही.

कित्येक वर्षांनी एका नव्या सुनेनं तिला विचारलं, "मावशी, किती प्रार्थनांत भरतो हो हा?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी त्या म्हाताऱ्या मावशीचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली.

यातून घ्यायचं ते इतकंच: जो बाप आजचं देतो, त्याच्यावर उद्याचं सोडावं, उद्याच्या भीतीनं खणायला गेलं की आजचंही जातं, आणि त्याची भरपाई दुसऱ्या कुणाच्या तरी तहानेतून होते.