नंबर पुसणारे रंगोबा मास्तर

फार जुनी गोष्ट. वेळुंजवाडीला तेव्हा रस्ता नव्हता, पण शाळा होती. तालुक्याहून तपासनीस साहेब यायचे, परीक्षा घ्यायचे, पोरांना नंबर द्यायचे, आणि कोतवाल तो नंबर चुन्यानं ज्याच्या त्याच्या दारावर रंगवायचा. वर्षभर येणारा-जाणारा वाचायचा. सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एका साली कुंभाराच्या येसूच्या दारावर शेवटचा नंबर लागला. गणित होतं, भट्टीत चाळीस मडकी भाजली, पाच तडकली, तर उरली किती? येसूनं लिहिलं, चाळीस. झालं, मारली फुली. बाप म्हणाला, "पुरे झाली शाळा. उद्यापासून माती मळ." पोरगी घरी बसली.

शाळेचे रंगोबा मास्तर तिच्या घरी गेले. म्हणाले, "येसू, चाळीस कशी गं?"

"तडकलेल्यात पाणी राहत नाही मास्तर, पण धान्य राहतं. आम्ही टाकत नाही ती. मला कुणी विचारलंच नाही."

मास्तर आधी स्वतःवरच संतापले, असं म्हणतात. ती फुली त्यांच्यादेखत पडली होती आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि गावातला नंबर अन् नंबर पुसला, पाटलांच्या दारावरचा पहिलासुद्धा. साहेबांनी पुन्हा रंगवायला लावले. दुसऱ्या दिवशी भिंतीचा चुना जागच्या जागी, आकडे तेवढे गळून पडलेले. तीनदा रंगवले, तीनदा गळले, असं म्हणतात.

मास्तरांची नोकरी गेली. कुणाला लाज वाटली नाही. येसूच्या बापानं मात्र भट्टीचा मांडव त्यांना शाळा भरवायला दिला, आणि तिथं येसू सगळ्यांच्या आधी येऊन बसली. पाटलांचा पहिल्या नंबराचा मुलगाही आला. मास्तरांनी त्याला विचारलं, "पस्तीस कशी रे?" तर म्हणाला, "साहेबांना तेच लागतं." घ्या, हा पहिला नंबर.

तेव्हापासून आमच्या गावात 'कसं काढलंस?' असं विचारल्याशिवाय पोराच्या उत्तरावर फुली मारत नाहीत. त्याला रंगोबांची रीत म्हणतात. मागच्या साली नवे गुरुजी घरूनच फुल्या मारून वह्या घेऊन आले. आम्ही सगळ्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणालो, आधी विचारा. दोन दिवस शाळेत दुसरं काही झालं नाही. एकतीस फुल्यांपैकी नऊ गुरुजींनी आपल्याच हातानं खोडल्या.