उद्याच्या अपघाताची आज वर्दी

"उद्या ज्याचं नुकसान होणार असेल, त्याने आजच दरबारात वर्दी द्यावी. प्रत्येक वर्दी महाराज जातीने ऐकतील. वर्दी न देता नुकसान झालं, तर सामाईक राशीतून चिमूटभरही मीठ मिळणार नाही."

उदयभान राजांच्या या नव्या कायद्याची दवंडी पिटली गेली आणि खाडीकाठच्या करंजखार गावातली माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. गाव मिठागरांचं. दर हंगामात प्रत्येक घर आपल्या मिठातला वाटा गावच्या राशीत टाकी. उधाणाने कुणाचा बांध फुटला, मीठ विरघळलं, की त्या घराला राशीतून मीठ मिळे. आजवर हे सगळं गावच बघत आलं होतं. आता रास दिवाणांच्या ताब्यात गेली. दिवाण मोठे नेटके गृहस्थ. खर्च आधी कळल्याशिवाय साठा सांभाळायचा कसा, हा त्यांचा प्रश्न राजांना फार पटला होता.

पुढच्याच अमावास्येला पदू आगऱ्याचा बांध फुटला. वर्षाचं पांढरंशुभ्र मीठ बघता बघता खाडीत गेलं. तो राशीकडे गेला, तर दिवाण म्हणाले, "काल का नाही सांगितलंस?"

पदू मान खाली घालून घरी आला. त्याची मुलगी चांगुणा मात्र त्याला घेऊन थेट दरबारात गेली.

"महाराज, बांध काय सांगून फुटतो?"

"शहाण्या माणसाला आधी कळतं," राजे म्हणाले. ते हट्टाला पेटले होते. "तूच उद्याचा एखादा अपघात आज सांग. खरा ठरला तर रास गावाची. खोटा ठरला तर कायमची सरकारजमा."

पदू तिचा हात धरून मागे ओढू लागला. चांगुणेने क्षणभर विचार केला.

"उद्या महाराजांचं दुपारचं जेवण चुकेल."

दरबार खो खो हसला. राजांचं जेवण लढाईतसुद्धा चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खं करंजखार वर्दी द्यायला रांगेत उभं राहिलं.

"महाराज, उद्या खेकडे माझा बांध पोखरतील."

"महाराज, माझी खोपी वाऱ्याने उडेल."

"आमची म्हैस मिठात बसेल," एक म्हातारी म्हणाली.

"नक्की बसेल?" दिवाणांनी विचारलं.

"तिच्या मनातलं मला काय ठाऊक, बाबा? कायदा आहे म्हणून सांगून ठेवते."

दुपार टळली. आत पानं वाढून गार झाली. आपलाच कायदा मोडून उठायचं कसं, म्हणून राजे पोट दाबून ऐकत राहिले. दिवस कलला तेव्हा कुठे रांग संपली आणि शेवटी चांगुणा पुढे आली.

"महाराज, जेवण चुकलं."

"हा कसला अपघात?" राजे कडाडले. "हा तू ठरवून घडवून आणलास!"

"खरं आहे, महाराज. आदल्या दिवशी ठाऊक असलेला अपघात ठरवून आणलेलाच असतो. आमचे बांध तसे फुटत नाहीत, म्हणून तर रास घालावी लागते."

राजे असे हसले, असे हसले, की उपाशी पोटाला कळ लागली.

"दिवाणजी, नवा कायदा लिहा. रास गावाची, राखण या पोरीची."

दिवाणही सकाळपासून उपाशीच. इतका आखूड कायदा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. पदूला त्याच संध्याकाळी मीठ मिळालं, बांध घालायला राजवाड्याचे बेलदार मिळाले, आणि चांगुणेला राजांनी अंगावरचा शेला दिला.