साव्वाबाबांच्या वहीतली खोडाखोड

"बाबा, या वहीत एक तरी पान स्वच्छ आहे का?"

पाद्री पोर्फिरीने विचारलं आणि वही दोन बोटांनी पुढे सरकवली. मेलेला उंदीर सरकवावा तशी.

साव्वाबाबा चहा ढवळत राहिले.

ही गोष्ट उत्तरेच्या समुद्रातल्या एका बेटावरची. रशियाच्या झारची माणसं कातड्यांच्या व्यापारासाठी तिथे गेली आणि तिथल्याच अल्यूत बायकांशी संसार थाटून राहिली. चाळीस चुली, एक लाकडी चर्च. चर्च सांभाळायला साव्वाबाबा. पण बाबा साधे मठातले साधू. जन्म-मरणाची नोंद ठेवायचे. लग्न लावायचा अधिकार त्यांना नव्हता. त्याला पाद्री लागे. पाद्री जहाजाने येई, तीन वर्षांतून एकदा, एका दिवसासाठी.

पोर्फिरी त्याच दिवशी सकाळी उतरला होता. संध्याकाळच्या ओहोटीबरोबर जहाज सुटणार होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या वहीत एकही ओळ खोडलेली नव्हती. बिशपसाहेब ती वही इतरांना दाखवत. हे त्याने उतरल्याबरोबर सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

तासाभरात त्याने सात मुलांचे बाप्तिस्मे उरकले, मोत्यासारख्या अक्षरात नोंदी केल्या, आणि बाबांची वही तपासायला घेतली.

"हे काय? 'बाप अज्ञात' लिहिलं. मग खोडलं. वर नाव घुसडलं."

"सुतार आहे तो. सहा वर्षांनी अक्कल आली. पोराला खांद्यावर घेऊन दोन दिवस डोंगर तुडवत आला. मी म्हटलं, आधी बस. तो म्हणाला, आधी लिहा."

"आणि ही? विधवा लिहिलंय. तेही खोडलं."

"नवरा परत आला." बाबांना हसू आवरेना. "होडी बुडाली म्हणून आम्ही त्याच्या नावाने प्रार्थना म्हणून मोकळे झालो. दोन हिवाळ्यांनी स्वारी दारात. बायकोने आधी लाकडाने झोडपला. मग गळ्यात पडून रडली."

"हसण्यासारखं काय आहे? ही देवाच्या घरची वही आहे."

"हं."

पोर्फिरी पानं उलटत गेला. एका पानावर थांबला.

"हे बघा! हे पान कसं आहे. खोडाखोड नाही, डाग नाही. असं सगळं का नाही लिहिलंत?"

बाबांनी पेला खाली ठेवला.

"त्या साली देवीची साथ आली. खोडा म्हणायला कुणी आलंच नाही…"

पोर्फिरीने पान उलटलं. जरा घाईनेच.

तेवढ्यात बाहेर ढोल वाजला. शिकारीला गेलेल्या कातडी होड्या परत आल्या होत्या. दार ढकलून स्तेपानिदा सुईण आत आली. बेटावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कुणाला भीत नसे.

"चला पाद्रीबुवा. नवरी उभी राहून अवघडली."

पोर्फिरीने आपली वही उघडली. लेखणी बुडवली.

"नवऱ्याचं नाव?"

"येमेल्यान."

"नवरी?"

"अगाफ्या. पहिला नवरा वारला. एक मुलगी आहे, उल्याना."

लेखणी थांबली. पोर्फिरीने एक पान मागे उलटलं. सकाळची चौथी नोंद. मुलगी उल्याना. आई अगाफ्या. धर्ममाता स्तेपानिदा. धर्मबाप… येमेल्यान.

"हा येमेल्यान तोच?"

"दुसरा आणू कुठून? एकच आहे," स्तेपानिदा म्हणाली.

पोर्फिरीच्या कपाळावर घाम आला. बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारा तो धर्मबाप; आणि धर्मबाप झाला की तो मुलाच्या आईचा धर्माने भाऊ. भावाबहिणीचं लग्न कोण लावणार?

"नवऱ्यालाच धर्मबाप करायची अक्कल कुणाची?"

"तुमची."

"माझी?"

"सगळे पुरुष पाणमांजरांच्या शिकारीला गेलेले. लग्नाचा दिवस म्हणून हा एकटा घरी. तुम्ही ओरडलात, ए, तू, इकडे उभा राहा! राहिला बिचारा. सातही पोरांना राहिला."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही पुरुष मागितलात, आम्ही दिला. नवरदेव चालेल का, असं कुठे विचारलंत?"

दारात येमेल्यान येऊन उभा होता. नवा सदरा, हातात टोपी.

"पाद्रीबुवा, माझं काही चुकलं का? सातही पोरं नीट धरली होती. एक तर अंगावर मुतलं… तरी सोडलं नाही."

पोर्फिरीने वही मिटली.

"हे लग्न होणार नाही."

ढोल बाहेर वाजतच होता. येमेल्यानने टोपी डोक्यावर ठेवली, मग पुन्हा काढली.

"पुढचा पाद्री कधी?" स्तेपानिदाने विचारलं.

"तीन वर्षांनी."

साव्वाबाबा उठले. पोर्फिरीची मिटलेली वही त्यांनी उघडली, सकाळचं पान काढलं, आणि बराच वेळ त्या सुरेख अक्षराकडे बघत राहिले.

"पाद्रीबुवा, मुलीला धर्ममाता एकटी पुरते ना?"

"…पुरते."

"मग पुरुषाचं नाव कशाला?"

"मानापुरतं."

"ते खोडलं तर?"

पोर्फिरी खिडकीकडे बघत राहिला. नियम त्याला तोंडपाठ होता. खोडावं लागणार म्हणूनच तर मघाशी घाम आला होता.

"चालतं," तो पुटपुटला. "पण बाबा… माझ्या वहीत…"



बाबांनी लेखणी दौतीत पार बुडवली आणि त्याच्यापुढे धरली. बरोबर त्या पानावर. टोकाशी शाईचा थेंब जमला. फुगला. लोंबू लागला.

"लवकर घ्या," बाबा म्हणाले. "माझा हात कापतो."

पोर्फिरीने लेखणी हिसकावली. डोळे मिटले. येमेल्यानच्या नावावर रेघ ओढली. रेघ वाकडी गेली.

"अगाफ्ये!" स्तेपानिदा दारातूनच ओरडली. "खोडला गं तुझा नवरा! ये लवकर!"

लग्न लागलं. रीतीप्रमाणे नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट धरायला आता पुरुषांची रांग होती. उल्यानाला मेणबत्ती हवी होती. ती मिळेपर्यंत तिने चर्च डोक्यावर घेतलं.

मग मासे आले, बोरं आली, व्हेलची चरबी आली. जहाजावरून निघायच्या इशाऱ्याची पहिली तोफ झाली, ती कुणी ऐकली नाही.

पोर्फिरी मात्र आत येऊन वही उघडून बसला. बिशपसाहेबांचा नियम होता: खोडलं तर शेजारी कारण लिहावं. त्याने अकरा वर्षांत कधी कारण लिहिलं नव्हतं. लेखणी वर गेली, खाली आली. शाई वाळली. तो पुन्हा बुडवू लागला.

साव्वाबाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. पाय ठेका धरत होते.

"बाबा… कारण काय लिहू?"

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"लेकरा, कारण बाहेर नाचतंय. आधी बघून ये. मग लिही."