मिकोशी आणि वाकलेली ओतात्सू

डोंगरातल्या वाटा माणसांच्या पायांनीच पडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जपानात हिनोतानी नावाचं एक गाव होतं, आणि गावाबाहेरच्या खिंडीत मिकोशी नावाचा राक्षस होता. दिवस कलला की तो संन्याशाच्या वेशात वाटेत उभा राही. आधी दिसायचा माणसाएवढाच. पण मान वर करून त्याच्याकडे बघितलं की तो वाढायचा. आणखी बघावं तर आणखी वाढायचा. शेवटी बघणारा मागच्या मागे उताणा पडायचा, आणि मिकोशी त्याचा गळा धरायचा. असं म्हणतात, की धिप्पाड लाकूडतोडेसुद्धा त्या खिंडीला टरकून असत. खरं सांगू? त्याला मोठं करत होते ते हेच लोक.

गावात ओतात्सू नावाची म्हातारी सुईण होती. साठ वर्षं भाताची लावणी करून ती कमरेत पार वाकली होती. जीभ मात्र ताठ होती. एका दुपारी खिंडीपलीकडचा गोंजी धापा टाकत आला. त्याची बायको कालपासून अडली होती.

"आता निघालात तर खिंडीतच दिवस मावळेल. सकाळी जा," सगळे म्हणाले.

"पोर काय मिकोशीला विचारून येतं?" म्हणत ओतात्सूने काठी उचलली.

खिंडीत तो उभाच होता. गोंजीने डोळे घट्ट मिटले आणि म्हातारीची बाही धरली. मिकोशी गरजला, "वर बघ!"

"कशी बघू? मान वर होते का माझी?" ओतात्सू म्हणाली. "मला तुझे पाय तेवढे दिसतात. शी! काय ही नखं! शेवटचे कधी धुतलेस रे पाय?"

असं म्हणतात, की त्याला असं कधी कुणी बोललंच नव्हतं. तो वाढायला गेला, पण वर कुणी बघेचना. मग म्हातारीला तोंड दाखवायला तोच खाली वाकला. वाकता वाकता तिच्या गुडघ्याएवढा झाला. ओतात्सूने त्याला काठीने कडेला सारलं.

"हो बाजूला. तिकडे बाई अडलीय."

त्याच रात्री गोंजीला मुलगी झाली. आई आणि लेक, दोघी वाचल्या.

खिंडीत आज ओतात्सूची गुडघ्याएवढी दगडी मूर्ती आहे, वाकलेलीच. तिथून जाताना हिनोतानीचे लोक "हो बाजूला" म्हणतात आणि न थांबता पुढे जातात. आणि गावात एखादा अंमलदार येऊन दरडावू लागला, तर म्हातारी माणसं त्याच्याशी वाद घालत नाहीत. ती सगळी मिळून त्याच्या पायांकडे बघत राहतात. असं म्हणतात, की थोड्याच वेळात त्याचा आवाज खाली येतो.